शंभरावी ओळ

"नव्व्याण्णव कचेऱ्यांनी सांगितलं, आम्ही नाही अडवलं," बाई म्हणाल्या. "मग अडवलंय कुणी? भुतानं?"

आणि त्यांनी माझ्या टेबलावर कागद पसरला. आलेखाच्या कागदाचे चार ताव चिकटपट्टीने जोडलेले. शंभर ओळी, चार रकाने: सेनेटरचं नाव, फोन केल्याची तारीख, फोन कुणी उचलला, काय उत्तर दिलं. अक्षर दवाखान्यातल्या तापाच्या तक्त्यावरचं, पुढच्या पाळीच्या माणसाला एका नजरेत वाचता यावं असं.

"हे सगळे फोन तुम्ही केलेत?"

"मी आणि आमच्या खोऱ्यातल्या तेरा बायका. चार दिवसांत. एका कचेरीनं तर आम्हाला गाणं ऐकवत पन्नास मिनिटं ठेवलं. मार्गारेटनं तेवढ्यात मोजा विणून संपवला."

सुलभा रणभिसे. वय सदुसष्ट, निवृत्त नर्स. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकल्या, चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि पश्चिमेकडच्या एका लहान राज्यातल्या लहान गावात स्थायिक झाल्या. हे मला पाचच मिनिटांपूर्वी कळलं होतं. स्वागतकक्षात त्यांनी माझ्या गळ्यातला बिल्ला वाचला, "शर्वरी शिराळकर? कुठली गं तू?" असं मोठ्याने विचारलं, आणि मी "सांगली" म्हणताच आनंदाने माझा दंड पकडला. "म्हणजे शेजारचीच की! आणि हा आमचा सेनेटर तुला इथं काय म्हणून ठेवून घेतो?"

याला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवव्या वर्षी आई-बाबांबरोबर सांगलीहून कॅलिफोर्नियात आले, भूजलाच्या रसायनशास्त्रात पदवी घेतली, आणि एका विज्ञानसंस्थेच्या शिष्यवृत्तीवर वॉशिंग्टनमध्ये सेनेटर ऑस्टरमन यांच्या कचेरीत वर्षभरासाठी रुजू झाले. पाण्याशी संबंधित कागद माझ्याकडे येत.

म्हणूनच बाईंचं विधेयक मला पाठ होतं. त्यांच्या खोऱ्याजवळ विमानतळ आहे. तिथे आग विझवण्याच्या सरावात वापरलेल्या फेसातलं रसायन जमिनीतून विहिरींत उतरलं होतं. दोनशे बारा घरांना सरकारने गाळण्या बसवून दिल्या होत्या आणि त्यांची देखभाल सरकारच करत होतं. तो करार तीस सप्टेंबरला संपणार होता. तो वाढवणारं विधेयक खालच्या सभागृहात प्रचंड बहुमताने मंजूर झालं होतं. सेनेटमध्येही नव्वदहून अधिक जण अनुकूल होते. आमच्या सेनेटरचं तर विधेयकावर नावच होतं.

तरीही ते अडलं होतं. अशी बिनविरोध विधेयकं सेनेट चर्चेविना मंजूर करतं: पक्षांच्या नेत्यांकडून शंभर कचेऱ्यांना निरोप जातो, कुणाची हरकत आहे का? कुणी काही बोललं नाही तर झालं मंजूर. पण एकाने जरी हरकत कळवली तर विधेयक तिथेच थांबतं. मग साठ मतं आणि सभागृहाचे कित्येक दिवस लागतात. हरकत कुणाची, ते नेत्याच्या कचेरीपलीकडे सहसा जात नाही. नाव जाहीर करायचा नियम आहे, पळवाटाही आहेत. आणि तो बुधवार होता. शुक्रवारी सेनेट सुट्टीवर जाणार होतं.

"माझे मिस्टर, जोसेफ, मूत्रपिंडाच्या कर्करोगानं गेले," बाई कागदाच्या घड्या सरळ करत म्हणाल्या. "पाण्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही. तू शास्त्रवाली, तू म्हणशील सिद्ध करा. पण पलीकडच्या घरात सहा महिन्यांचं मूल आहे, त्याची बाटली त्याच पाण्यात भरतात. तीस तारखेनंतर काय भरायचं, एवढंच मला सांग."

"कॅलिफोर्नियात असतं तर..." मी काहीतरी बोलायला गेले.

"तू कॅलिफोर्नियाची?" त्यांचे डोळे चमकले. "चार कोटी माणसं, दोन सेनेटर. आम्ही साडेआठ लाख, आमचेही दोन. म्हणजे सेनेटमध्ये माझं एक मत तुझ्या पंचेचाळीस मतांएवढं. मान राखून बोल हो!"

गणित जवळजवळ बरोबर होतं. सत्तेचाळीस येतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

मी ओळी तपासायला लागले. ते मी आपसूक करते. कुणीही तक्ता समोर ठेवला की आधी रिकामा चौकोन शोधते. नव्व्याण्णव ओळींत रिकामा एकही नव्हता. पण एका ओळीत तारीख नव्हती. फोन कुणी उचलला, तेही नव्हतं. उत्तराच्या रकान्यात मराठीत एकच शब्द होता: आपलेच.

ऑस्टरमन.

"इथे फोन केला नाहीत?"

"ह्यांना कशाला? ह्यांचं नाव आहे विधेयकावर."

"बरोबर," मी म्हणाले. "तरी नोंद पूर्ण करून आणते. दोन मिनिटं."

खरंच मला एवढंच वाटत होतं. गेल्या आठवड्यात सोमवारी नेत्याच्या कचेरीतून निरोप आला तेव्हा 'हरकत नाही, पाठिंबा' अशी टिपणी मीच लिहिली होती आणि कर्टिसकडे दिली होती. कर्टिस लुंडग्रेन म्हणजे सेनेटरचा मुख्य सहायक. पन्नाशीचा, हसरा, कुणाच्या आईचं ऑपरेशन कधी आहे ते लक्षात ठेवणारा माणूस. त्याच्या भिंतीवर माझ्या हातची एक चिठ्ठी टाचलेली होती. रुजू झाले त्या महिन्यात मी हिशोब केला होता की सर्वांत लहान एकवीस राज्यांचे बेचाळीस सेनेटर एकत्र आले तर साठ मतं जमतच नाहीत आणि ते जवळजवळ कुठलाही कायदा रोखू शकतात, आणि त्या राज्यांत देशाची सुमारे अकरा टक्के माणसं राहतात. मी ती चिठ्ठी त्याला चिंता म्हणून दाखवली होती. त्याने ती ढाल टांगावी तशी टांगली.

"कर्टिस, फक्त नोंदीसाठी," मी म्हणाले. "पाण्याच्या विधेयकावर आपण 'हरकत नाही' कळवलं ना?"

त्याने चष्मा काढला. "दार लाव."

मी दार लावलं.

"हरकत आपली आहे," तो म्हणाला. "त्याच सोमवारी दुपारी कळवली."

"पण विधेयकावर आपलं नाव आहे!"

"दुसरं. पहिलं कुणाचं आहे?"

पहिलं शेजारच्या राज्यातल्या सेनेटरचं होतं. दुसऱ्या पक्षाचा. त्याची निवडणूक पाच आठवड्यांवर आली होती आणि जनमत चाचण्यांमध्ये तो एका टक्क्याने मागे होता.

"ती एक जागा आली की बहुमत आपलं," कर्टिस म्हणाला. "अशा वेळी त्याच्या हातात आपणच ढोल द्यायचा? वाजव म्हणून?"

"मग विरोधात मत द्या. उघड."

"विरोधात कसं देणार? आपण बाजूने आहोत." हे तो हसून बोलला नाही. त्याच्या दृष्टीने ते अचूक विधान होतं. "जानेवारीत आपणच आणू. आपलं नाव पहिलं. चार महिन्यांचा प्रश्न आहे, शार. लोक बाटल्या विकत घेतील."

"दोनशे बारा घरं आहेत."

"आकडा मला माहीत आहे. तूच दिलास." त्याने चष्मा परत घातला. "साडेतीनला त्यांचा सेनेटरबरोबर फोटो आहे. त्या तुझ्या भाषेच्या आहेत ना? त्यांच्या भाषेत जरा समजाव. सांग, आम्ही जिवाचं रान करतोय, दुसऱ्या बाजूचं कुणीतरी अडवतंय. त्यांना बरं वाटेल."

मी बाहेर आले. बाईंनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढून स्वागतकक्षातल्या मुलीला खायला लावलं होतं. ती डोळ्यांत पाणी आणून "खूप छान" म्हणत होती.

"काय गं? झाली नोंद?"

"प्रयत्न चाललेत," मी म्हणाले. "दुसऱ्या बाजूचं कुणीतरी आहे, असं म्हणतात."

स्वच्छ मराठीत म्हणाले. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि डबा पुढे केला. मी घेतला नाही.

साडेतीनला आम्ही आतल्या खोलीत गेलो. ऑस्टरमन उंच, पांढऱ्या केसांचे, हात दोन्ही हातांनी धरणारे. आणि ते नाटक नव्हतं. "सुलभा! जोसेफनेच माझ्या मनगटाचा एक्स-रे काढला होता, घोड्यावरून पडलो तेव्हा. म्हणाला होता, हाड बरं आहे, घोड्याचा मात्र मला भरवसा नाही." बाई हसल्या. त्यांचे डोळे भरून आले. "असं बोलायचे खरे ते," म्हणाल्या.

छायाचित्रकार दिवे लावत होता. कर्टिस दाराशी उभा होता. बाईंनी कागद उलगडून दाखवला. सेनेटरनी तो नीट पाहिला, बोट ठेवून चार-पाच ओळी वाचल्या.

"बघा, आपल्या राज्याची माणसं अशी असतात," ते म्हणाले. "जो कुणी हे करतोय ना, त्याला आपण शोधून काढू. मी शब्द देतो."

या वाक्यावर मी जमिनीकडे पाहिलं असणार. कारण बाई लगेच माझ्याकडे वळल्या. चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेली ती बाई सेनेटरशी अस्खलित इंग्रजी बोलत होती. मला त्यांनी मराठीत विचारलं.

"शर्वरी, मघापासून तुझं तोंड उतरलंय. ही काय भानगड आहे?"

"काय म्हणतायत?" कर्टिसने विचारलं.

माझ्यासमोर फार सोपी वाट होती. मराठीत सगळं सांगून टाकायचं आणि कर्टिसला सांगायचं, फोटोत कसं उभं राहायचं ते विचारतायत. कुणाला कधीच कळलं नसतं. माझी शिष्यवृत्ती पुरी झाली असती, आणि आपण खरं बोललो असं समाधानही मिळालं असतं.

मी त्या वाटेवर एक पाऊल टाकलंसुद्धा.

"मावशी," मी मराठीत म्हणाले, "शंभरावी ओळ तुम्ही फोन न करता भरलीत."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. ऑस्टरमन यांच्या ओळीवर बोट नेलं. ते तिथेच थांबलं.  छायाचित्रकाराने एक दिवा हलवला आणि परत जागेवर ठेवला.

"चाळीस वर्षं तक्ते भरले मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थर्मामीटर न लावता ताप कधी लिहिला नाही. आणि इथं लिहून बसले. आपलेच म्हणून."

"मी तुम्हाला सगळं..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "मराठीत नको आता. कानात सांगायची गोष्ट नाही ही. इंग्रजीत बोल. ह्या दोघांनाही ऐकू दे."

त्यांनी पर्समधून पेन काढलं. 'आपलेच' या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं लिहिली, नर्स चुकीची नोंद खोडताना लिहितात तशी. मग पेन हातात धरून थांबल्या.

 पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी धीट आहे; मी नव्हते.

"सेनेटर," मी इंग्रजीत म्हणाले, "नोंदीसाठी विचारते. या विधेयकावर आपल्या कचेरीची हरकत आहे का?"

"शार," कर्टिस म्हणाला. एवढंच.

"हो किंवा नाही. नव्व्याण्णव कचेऱ्यांना हाच प्रश्न विचारलाय. एकच राहिली आहे."

सेनेटरनी कर्टिसकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेवटी बाईंकडे, आणि तिथे मात्र त्यांना नजर टिकवता येईना.

"सुलभा," ते म्हणाले, "या गोष्टी इतक्या सरळ नसतात."

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली: तीन बेचाळीस. उत्तराच्या रकान्यात अवतरणचिन्हांसकट लिहिलं, "या गोष्टी इतक्या सरळ नसतात." फोन कुणी उचलला, या रकान्यावर त्या जरा अडल्या. मग तिथे लिहिलं: स्वतः.

"मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमचं राज्य लहान, पण आमच्या मताला वजन आहे. आत्ता या पोरीलाही चिडवत होते, माझं एक मत तुझ्या पंचेचाळीस मतांएवढं म्हणून. वजन माझ्या मताला नव्हतंच, सेनेटर. तुमच्या खुर्चीला होतं. मी तुम्हाला चार वेळा ते उचलून दिलं."

"जानेवारीत..." कर्टिसने सुरुवात केली.

"जानेवारीपर्यंत ते मूल दहा महिन्यांचं होईल. तोवर त्याच्या आईला काय सांगू? तुमच्याच शब्दांत सांगा. मी लिहून घेते."

सेनेटरनी कर्टिसकडे पाहिलं, कर्टिसने घड्याळाकडे. बाईंनी कागद छातीसमोर उलगडून धरला आणि सेनेटरच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"काढा फोटो," त्या छायाचित्रकाराला म्हणाल्या. "त्यासाठीच बोलावलंय ना मला?"

त्या माणसाने गोंधळून कर्टिसकडे पाहिलं. पण वीस वर्षांची सवय असावी. त्याने बटण दाबलं.

पावणेपाच वाजता माझा बिल्ला परत घेतला गेला. कर्टिसने स्वतः दारापर्यंत सोडलं. "तू हुशार आहेस," तो म्हणाला, "पण तुला अजून संस्था कळल्या नाहीत." मी म्हणाले, "भिंतीवरची माझी चिठ्ठी परत द्या." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी हात पुढे करून उभीच राहिले, तेव्हा त्याने आत जाऊन ती आणून दिली.

बाहेर बाई पायऱ्यांवर बसल्या होत्या, डबा उघडून.

"घालवली ना नोकरी?"

"हो."

"रडू येतंय?"

"थोडं."

"ये मग थोडं. आणि हा चिवडा खा. दुपारपासून उपाशी आहेस आणि मला खोटं सांगत होतीस, त्यानं पित्त वाढतं."

त्या शुक्रवारी सेनेट विधेयक मंजूर न करता सुट्टीवर गेलं. तीस तारखेला गाळण्यांची देखभाल थांबली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात खोऱ्यातल्या साप्ताहिकाने तो फोटो पहिल्या पानावर छापला. कचेरीने तो शिरस्त्याप्रमाणे बाईंना पाठवून दिला होता, वर सेनेटरच्या सहीसकट. पाकिटं भरणाऱ्या माणसाला कुणी थांबवायचं राहून गेलं होतं. फोटोत सेनेटर कॅमेऱ्याकडे न पाहता कागदाकडे पाहत आहेत. त्यानंतर महिनाभर ऑस्टरमन राज्यात जिथे बोलायला उभे राहिले तिथे पहिल्या रांगेत बायका बसायच्या. घोषणा नाहीत, काही नाही. हातात आलेखाचा कागद, त्यावर एकच ओळ, आणि उत्तराचा रकाना कोरा.

नोव्हेंबरमध्ये शेजारच्या राज्यातला तो सेनेटर निवडणूक हरला. सतरा तारखेला विधेयक पुन्हा आलं. मी ते घरी टीव्हीवर पाहिलं. सभागृहात चार माणसं होती. अध्यक्षस्थानावरच्या व्यक्तीने विचारलं, "हरकत आहे?" आणि कुणाकडेही न पाहता स्वतःच सांगितलं, "हरकत नाही." मी वेळ मोजली होती. अकरा सेकंद.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. त्या खूश होत्या. मी मात्र म्हणाले की हे तुमच्या कागदामुळे झालं की तो हरल्यामुळे अडवायचं कारणच उरलं नाही म्हणून, हे सांगता येणार नाही. दोन कारणं एकदम बदलली; वेगळी करता येत नाहीत.

"तू बस वेगळी करत," बाई म्हणाल्या. "गाळण्या डिसेंबरच्या मध्याला येणार म्हणे. पंच्याहत्तर दिवस झाले असतील तोवर. तेवढे दिवस कोण काय प्यायलं, ते मी घरोघर जाऊन लिहून घेतेय. जानेवारीत नवं सेनेट बसलं की लागेल."

लागलं. त्या नोंदींवर पुढे रक्ततपासण्यांचा कार्यक्रम उभा राहिला. त्यातल्या विहिरींचे नमुने मी तपासते. आता तीच माझी नोकरी आहे. ऑस्टरमन त्यानंतर एकदा पुन्हा निवडून आले, आधीपेक्षा कमी मतांनी, पण आरामात. कर्टिस अजून त्यांच्याकडेच आहे. अकरा टक्क्यांची चिठ्ठी माझ्या प्रयोगशाळेत आहे. आकडा अजून बदललेला नाही. दर वर्षी लोकसंख्येचे नवे अंदाज आले की मी तपासते.

गेल्या मंगळवारी बाईंचा फोन आला. त्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि फोनवर ओरडून बोलतात.

"शर्वरी, रक्ततपासणीचं विधेयक अडलंय. ऐकलंस ना?"

"ऐकलं. कुणी अडवलंय?"

"तेच तर शोधायचंय. शंभर ओळी आखल्या मी सकाळी. मार्गारेट गेली, तर तिची नात आलीय मदतीला. मोजे नाही विणत, पण आवाज खणखणीत आहे पोरीचा."

"सुरुवात कुणापासून?"

"विचारतेस काय? आपल्यापासून. ऑस्टरमनला केलासुद्धा फोन."

"मग? कुणी उचलला?"

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. बाई रकाना वाचत असाव्यात.

"स्वतः," त्या म्हणाल्या. "माझा नंबर दिसला की आता दुसऱ्या कुणाला उचलूच देत नाही तो."